माता मृत्यूचे अन्वेषण : रुग्णालयाची समिती आणि शासनाची देखरेख

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात प्रसूती विभागाचा तक्ता दरवर्षी दिला जातो. एकूण प्रसूती, शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूती, कमी वजनाची बालके असे रकाने त्यात असतात आणि शेवटचा रकाना 'माता मृत्यू' हा असतो. गेली काही वर्षे या रकान्यात 'निरंक' हा शब्द छापला जात होता. यंदा तेथे '१' हा आकडा आहे. अहवालाचा मसुदा विश्वस्त मंडळापुढे आला तेव्हा हा रकाना छापलाच पाहिजे का, अशी पृच्छा झाली. ती सद्हेतूनेच होती. धर्मादाय रुग्णालय लोकांच्या विश्वासावर चालते आणि असा आकडा पाहून देणगीदारांचे मन शंकित होईल, ही काळजी त्यामागे होती. साधकबाधक चर्चेअंती आकडा छापावा असे एकमताने ठरले आणि त्या आकड्यामागे कोणती प्रक्रिया असते, हे वाचकांस समजावून सांगण्याचे काम प्रशासनाकडे सोपविण्यात आले. त्यानुसार हा लेख सादर करीत आहोत.

आम्ही वैद्यकीय क्षेत्रातील नव्हे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आमचे काम हिशेब, खरेदी, नेमणुका आणि नियमांचे. त्यामुळे माता मृत्यूचे अन्वेषण हा डॉक्टरांचा विषय आहे, त्यात आपले काम कागद वेळेवर पाठविण्यापुरतेच, असे आम्हांस कालपरवापर्यंत वाटत होते. ही समजूत चुकीची होती. ती कशी चुकीची ठरली, हेही या लेखात प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक आहे.

माता मृत्यू म्हणजे काय

गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी, किंवा प्रसूती वा गर्भपात झाल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी अथवा त्यावरील उपचारांशी संबंधित कारणाने स्त्रीचा मृत्यू झाल्यास त्यास माता मृत्यू म्हणतात. गरोदरपणामुळे बळावलेल्या आजाराने आलेला मृत्यूही यात धरला जातो. अपघातासारख्या असंबद्ध कारणाने आलेला मृत्यू धरला जात नाही. गर्भ किती महिन्यांचा होता, मृत्यू घरी झाला, वाटेत झाला की रुग्णालयात, याने काही फरक पडत नाही.

देशभरातील या मृत्यूंचा अंदाज नमुना नोंदणी पद्धतीने काढला जातो आणि तो दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या, या प्रमाणात सांगितला जातो. २००४-०६ या काळात हे प्रमाण भारतात २५४, महाराष्ट्रात १३० आणि केरळात ९५ होते. २०१८-२० मध्ये ते भारतात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ इतके खाली आले. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत जागतिक प्रमाण ७० च्या खाली आणण्याचे ठरले आहे. महाराष्ट्राने ही मर्यादा आधीच ओलांडली, याचा आनंद आहेच. परंतु सरासरीच्या आकड्यात दुर्गम तालुका आणि महानगर एकत्र मिसळलेले असतात आणि ज्या घरातील सून वा लेक गेली, त्या घराला सरासरीचा काहीच उपयोग नसतो.

या मृत्यूंची कारणे अनोळखी नाहीत. २००१-०३ च्या नमुना नोंदणीत भारतातील माता मृत्यूंपैकी ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावाने, ११ टक्के जंतुसंसर्गाने, ८ टक्के गर्भपाताशी निगडित कारणांनी, तर प्रत्येकी ५ टक्के वाढलेल्या रक्तदाबाने आणि अडलेल्या प्रसूतीने झाल्याचे आढळले होते. यांपैकी बहुतेक कारणांवर उपाय ठाऊक आहेत आणि ते महागडे नाहीत. म्हणूनच या मृत्यूंना टाळता येण्याजोगे मृत्यू म्हणतात. उपाय ठाऊक असूनही मृत्यू होतो, तेव्हा आजाराच्या नावापलीकडे जाऊन विचारावे लागते की, उपाय आणि रुग्ण यांची गाठ वेळेवर का पडली नाही? अन्वेषण समितीचे काम येथून सुरू होते.

ही पद्धत कोठून आली

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ सालापासून प्रत्येक माता मृत्यूची गोपनीय चौकशी केली जाते. रुग्णाचे, डॉक्टरचे आणि रुग्णालयाचे नाव काढून टाकून तज्ज्ञ ती कागदपत्रे वाचतात आणि ठरावीक काळाने अहवाल प्रसिद्ध करतात. अशा वाचनातून काय साधते, याचे एकच उदाहरण देतो. रक्तवाहिनीत गुठळी होऊन होणारे मृत्यू तेथे आघाडीवर आहेत, हे अहवाल वारंवार सांगत होते. त्या आधारे २००४ मध्ये तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने प्रतिबंधक उपचारांच्या सविस्तर सूचना काढल्या. ब्रिटनमध्ये २००३-०५ या तीन वर्षांत या कारणाने ४१ माता दगावल्या होत्या. २००६-०८ या तीन वर्षांत ती संख्या १८ झाली.

आपल्या देशात तामिळनाडूने १९९० च्या दशकातच माता मृत्यूंच्या तपासणीस आरंभ केला. केरळात राज्य शासनाच्या पाठबळाने तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २००४ पासून गोपनीय पुनरावलोकन सुरू केले आणि त्यातून आढळलेल्या त्रुटींवर प्रसूतिसेवेचे दर्जामानक तयार झाले. केंद्र शासनाने २०१० मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत सर्व राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१४ मध्ये बालमृत्यूंसाठी तशाच सूचना आल्या. २०१७ मध्ये माता मृत्यूंच्या सूचना सुधारण्यात आल्या आणि त्यांच्या नावात 'प्रतिसाद' या अर्थाचा शब्द घालण्यात आला. हा बदल केवळ नावापुरता नव्हता. मृत्यूची कारणे लिहून ठेवणे पुरेसे नाही, त्यावर कोणी काय केले हेही तपासले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता.

रचना कशी आहे

मृत्यू गावात झाला तर १५ ते ४९ वर्षे वयाच्या कोणत्याही स्त्रीच्या मृत्यूची खबर आशा कार्यकर्तीने २४ तासांच्या आत द्यावयाची असते. त्यांतून गरोदरपणाशी संबंधित असण्याची शक्यता असलेले मृत्यू वेगळे काढले जातात आणि तीन आठवड्यांच्या आत पथक घरी जाऊन कुटुंबीयांच्या तोंडून घटनाक्रम लिहून घेते. दुखणे कधी सुरू झाले, कोणी काय सल्ला दिला, वाहन कधी मिळाले, कोणत्या दवाखान्यातून पुढे पाठविले, असे प्रश्न त्यात असतात.

मृत्यू रुग्णालयात झाला तर रुग्णालयाने नेमलेला समन्वय अधिकारी २४ तासांच्या आत जिल्ह्यास कळवितो आणि उपचार करणारे वैद्यकीय अधिकारी विहित प्रपत्र भरतात. त्यानंतर रुग्णालयाची स्वतःची समिती बसते. शासकीय रुग्णालयांप्रमाणेच खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांसही हे लागू आहे.

याच्या वर जिल्ह्याची समिती असते. आपल्याकडे तिला माता मृत्यू अन्वेषण समिती असे म्हटले जाते. तिच्यापुढे सर्व प्रकरणे येतात. निवडक प्रकरणांचा आढावा स्वतः जिल्हाधिकारी घेतात आणि त्या वेळी मृत स्त्रीच्या कुटुंबीयांनाही बोलाविले जाते. त्याच्याही वर राज्य पातळीवर आरोग्य विभागाच्या सचिवांकडे समिती असते. सर्व जिल्ह्यांतून काय आढळले, कोणत्या शिफारशी झाल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे तिचे काम.

या सर्व पायऱ्यांवर एक तत्त्व सांगितलेले आहे, ते म्हणजे कोणाचे नाव नको आणि कोणावर ठपका नको. प्रपत्रे गोपनीय असतात. शिक्षा देण्यासाठी ही चौकशी नाही. पुढची माता वाचावी यासाठी आहे.

तीन विलंब

अन्वेषणाच्या प्रपत्रात कारणांचे एक वर्गीकरण असते. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये मांडलेली 'तीन विलंबां'ची कल्पना त्यामागे आहे. पहिला विलंब घरात होतो : धोका ओळखण्यात आणि दवाखान्यात न्यायचे ठरविण्यात. दुसरा वाटेत होतो : वाहन, रस्ता, पूर, पैसा. तिसरा विलंब रुग्णालयात पोहोचल्यानंतर उपचार मिळण्यात होतो.

आमच्यासारख्या प्रशासकांची एक सवय येथे कबूल केली पाहिजे. पहिल्या दोन विलंबांची चर्चा आम्ही तळमळीने करतो. लोकांत जागृती नाही, रस्ते खराब आहेत, रुग्ण शेवटच्या घटकेस आणतात, असे आम्ही प्रत्येक सभेत बोलतो आणि ते खोटेही नसते. तिसऱ्या विलंबाचा विषय निघाला की आम्ही डॉक्टरांकडे पाहतो. परंतु रुग्णालयाच्या चार भिंतींत होणारा प्रत्येक विलंब डॉक्टरांच्या हातून होत नाही.

आमच्या रुग्णालयातील घटना

यंदाच्या तक्त्यातील '१' या आकड्याविषयी आता सांगतो. कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील आम्ही देत नाही.

पावसाळ्यातील एका रात्री एका स्त्रीची आपल्या रुग्णालयात प्रसूती झाली. बाळ सुखरूप होते. थोड्याच वेळात मातेस रक्तस्राव सुरू झाला. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही तर असा रक्तस्राव होतो आणि तो आटोक्यात न आल्यास धडधाकट स्त्रीसुद्धा दोन तासांत दगावू शकते. ही स्त्री मुळात रक्तक्षयाने अशक्त होती. हे काही अपवादात्मक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. कर्तव्यावरील डॉक्टरांनी औषधे तत्काळ सुरू केली आणि रक्ताचे मागणीपत्र लिहिले.

आपल्या रुग्णालयात त्या वेळी रक्ताचा साठा ठेवण्याची सोय नव्हती. रक्त शहरातील रक्तपेढीतून आणावे लागे. त्यासाठी एक नियम होता : रात्रीच्या वेळी बाहेरून रक्त मागविताना नातेवाइकांकडून अनामत रक्कम घ्यावी, पावती करावी आणि पावतीचा क्रमांक मागणीपत्रावर लिहून मगच गाडी सोडावी. अडचण असल्यास प्रशासकांची दूरध्वनीवर परवानगी घ्यावी, अशी सवलतही त्यात होती. हा नियम आम्हीच केलेला होता. काही वर्षांपूर्वी रक्ताच्या खर्चाची थकबाकी वाढली, लेखापरीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला आणि त्याचे अनुपालन म्हणून आम्ही हे परिपत्रक काढले. थकबाकी त्यानंतर खरोखरच कमी झाली आणि त्या वर्षीच्या अहवालात आम्ही ते समाधानाने नोंदविले होते.

त्या रात्री स्त्रीचे पती पैशांची व्यवस्था करण्यासाठी बाहेर गेले होते. परिचारिकेने आम्हांस दूरध्वनी केला. आम्ही झोपेत होतो आणि तो वाजला हे आम्हांस कळले नाही. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर गाडी सोडली. मागणीपत्र लिहिल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत पस्तीस मिनिटे गेली होती. रक्त आले, शस्त्रक्रियाही झाली, परंतु पहाटे ती स्त्री गेली. पस्तीस मिनिटे आधी रक्त मिळाले असते तर ती निश्चित वाचली असती, असे डॉक्टर म्हणत नाहीत. वाचण्याची शक्यता होती, एवढेच ते म्हणतात. आमच्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

प्रपत्रात काय लिहावयाचे

दुसऱ्या दिवशी प्रपत्र भरावयाचे होते. विलंबाच्या रकान्यात काय लिहावे, यावर चर्चा झाली. 'रक्त उपलब्ध होण्यास विलंब' असे लिहावे, असे आम्ही सुचविले. त्या वाक्यात खोटे असे काहीच नव्हते. परंतु ते वाचणाऱ्याची समजूत झाली असती की रक्तपेढी दूर आहे, पाऊस होता, रस्ता वाईट होता. आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. "कारण आपल्या परिपत्रकात आहे, ते परिपत्रकाच्या क्रमांकासह लिहा," असे त्यांनी सांगितले. प्रपत्र तसेच गेले.

रुग्णालयाच्या समितीची बैठक नियमानुसार झाली. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ आणि आम्ही असे सर्व बसलो. परिचारिकेने घटनाक्रम सांगितला. तिच्यावर ठपका येणार नाही हे ठाऊक होते म्हणूनच ती मोकळेपणाने बोलू शकली. अनामतीचा नियम तातडीच्या रुग्णांसाठी रद्द करावा, अशी शिफारस समितीने एकमताने केली.

येथवर सर्व यथायोग्य झाले. यापुढे जे घडले ते नमूद करताना संकोच वाटतो. अनामतीचा विषय आर्थिक असल्याने तो अर्थ उपसमितीपुढे ठेवणे आवश्यक आहे, अशी टिप्पणी आम्ही धारिकेवर केली. अर्थ उपसमितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते. त्या तिमाहीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब झाली. शिफारस मान्य होती, तिला कोणाचा विरोध नव्हता आणि तरीही जुना नियम लागूच राहिला. त्या काळात अशी दुसरी घटना घडली नाही, हे केवळ सुदैव म्हणावे लागेल.

मध्यंतरी हे प्रकरण जिल्हा समितीपुढे गेले. आढावा बैठकीस मृत स्त्रीचे भाऊ आले होते. त्यांनी कोणावर आरोप केला नाही. "आम्ही पैशाला नाही म्हणत नव्हतो. थांबा म्हणाले, म्हणून थांबलो," एवढेच ते बोलले. त्यानंतर समितीने आम्हांस तीन प्रश्न विचारले. नियम कोणी केला, तो बदलला का, बदलला असल्यास आदेशाची प्रत कोठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पंधरवड्यात अनुपालन अहवाल पाठवावा, असे पत्र आले. अध्यक्षांच्या अधिकारात दुसऱ्याच दिवशी नवे परिपत्रक निघाले. जे काम एका दिवसाचे होते, ते तोपर्यंत धारिकेत पडून राहिले होते.

वरून कोणी पाहणे का आवश्यक आहे

हिशेबाच्या क्षेत्रातील उदाहरण घेतल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. प्रत्येक मोठ्या संस्थेत अंतर्गत लेखापरीक्षण असते. ते करणारा माणूस संस्थेस जवळून ओळखतो, कोणता कागद कोठे असतो हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून त्याला पुष्कळ दिसते. परंतु तो संस्थेचाच माणूस असल्याने दिसलेल्या गोष्टीचा पाठपुरावा किती करावयाचा, यावर मर्यादा येते. म्हणून सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० नुसार आपल्या हिशेबांचे लेखापरीक्षण बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून होते आणि त्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. त्याबद्दल कोणाही विश्वस्तास अपमान वाटत नाही. उलट, त्या अहवालामुळेच देणगीदार निश्चिंत असतात.

मृत्यूच्या अन्वेषणातही याच दोन गोष्टी लागतात. कारण शोधण्याचे काम रुग्णालयाच्या आतील समितीच चांगले करू शकते. त्या रात्री कोण कोठे होते, किल्ली कोणाकडे होती, हे बाहेरच्यास कळणे कठीण. परंतु सापडलेल्या कारणाचे निवारण झाले की नाही, हे विचारण्यासाठी बाहेरचा माणूस लागतो. आतल्या समितीत आम्ही एकमेकांचे सहकारी असतो आणि एकमेकांच्या अडचणी समजून घेतो. हा समजूतदारपणा एरवी चांगला गुण आहे. शिफारशीच्या अंमलबजावणीत मात्र तो घातक ठरतो, हा आमचा अनुभव आहे.

देखरेखीचा दुसराही उपयोग आहे. एका रुग्णालयात वर्षाकाठी एखादा मृत्यू होतो आणि तो दुर्दैवी योगायोग वाटतो. जिल्ह्यातील दहा मृत्यू शेजारी शेजारी ठेवले की त्यांतील साम्य दिसते. अनेक प्रकरणांत रक्त उशिरा आले असेल, तर प्रश्न एका रुग्णालयाच्या परिपत्रकाचा राहत नाही; जिल्ह्यातील रक्तसाठ्याच्या व्यवस्थेचा होतो, आणि तो सोडविणे कोणत्याही एका रुग्णालयाच्या आवाक्यात नसते.

देखरेख कोठे उणी पडते

देखरेखीचे महत्त्व सांगताना तिच्या उणिवा झाकणे योग्य होणार नाही.

पहिली उणीव भीतीची. ठपका नको असे सूचना सांगतात. परंतु एखाद्या मृत्यूचा बोभाटा झाला की निलंबन आणि कारणे दाखवा नोटीस यांची भाषा सुरू होते. असे झाले की पुढची प्रपत्रे सावधपणे भरली जातात. 'रक्त उपलब्ध होण्यास विलंब' यासारखी निर्दोष आणि निरुपयोगी वाक्ये त्यातूनच जन्मतात. अत्यवस्थ रुग्णास घाईने दुसरीकडे पाठवून मृत्यू आपल्या खाती पडू न देण्याचा मोहही त्यातूनच होतो. जाणूनबुजून केलेली हयगय आणि व्यवस्थेतील दोष यांत फरक करावाच लागतो. हयगयीसाठी कायद्याचे मार्ग वेगळे आहेत; ते या समितीच्या खोलीत आणले की समितीस सत्य कळणे थांबते.

दुसरी उणीव नोंदीची. ज्या मृत्यूची नोंदच झाली नाही, त्याचे अन्वेषण होऊ शकत नाही. महाराष्ट्रास हा धडा बालमृत्यूंच्या बाबतीत मिळालेला आहे. डॉ. अभय बंग आणि राज्यातील स्वयंसेवी संस्थांच्या २००१ मधील 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखविले की, प्रत्यक्षातील बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा फार अधिक आहेत. त्यानंतर शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. माता मृत्यूंतही प्रसूतीनंतर घरी गेलेल्या आणि ४२ दिवसांच्या आत अन्य आजाराचे नाव लागून दगावलेल्या स्त्रिया निसटण्याची शक्यता असते. ऊसतोडणीसाठी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या स्त्रीचे गरोदरपण एका ठिकाणी नोंदलेले असते आणि प्रसूती दुसऱ्या ठिकाणी होते. दोन्ही जिल्ह्यांनी एकमेकांस कळविले तरच तिची कहाणी पूर्ण होते.

तिसरी उणीव परतीच्या वाटेची. प्रपत्रे खालून वर जातात. त्यांतून निघालेला बोध वरून खाली येण्यास विलंब होतो. शेजारच्या तालुक्यातील रुग्णालयात काय चुकले आणि त्यांनी काय सुधारले, हे नावे वगळून आम्हांस वेळेवर कळले, तर तीच चूक आमच्याकडे व्हावी लागणार नाही. केरळातील पुनरावलोकनाचे खरे बळ हेच की, निष्कर्ष पुन्हा डॉक्टरांच्या हाती गेले. आमच्या जिल्हा समितीस आम्ही याविषयी लेखी विनंती केली आहे आणि आमच्या प्रकरणाचा गोषवारा अन्य रुग्णालयांस देण्यास आमची संमती कळविली आहे.

या वर्षात काय केले

तातडीच्या रुग्णासाठी रक्त, औषध, शस्त्रक्रिया अथवा रुग्णवाहिका यांकरिता कोणतीही अनामत मागू नये, असा आदेश लागू आहे. हिशेब नंतर होईल. निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी धर्मादाय रुग्णालयांवर असलेल्या जबाबदारीशीही हे सुसंगत आहे. या आदेशामुळे थकबाकी वाढेल. किती वाढली, ते पुढील अहवालात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविण्यात येईल, म्हणजे विश्वस्तांस आणि देणगीदारांस त्याची किंमत डोळ्यांसमोर राहील.

मृत्यू अन्वेषण समितीच्या शिफारशींसाठी वेगळी नोंदवही ठेवली आहे. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहिली जाते. मुदत उलटली तर विषय थेट अध्यक्षांकडे जातो; उपसमितीच्या बैठकीची वाट पाहिली जात नाही. रात्रीच्या वेळी निर्णयाचा अधिकार आता कर्तव्यावरील डॉक्टरांस आहे, प्रशासकांच्या दूरध्वनीस नाही.

रक्ताचा साठा रुग्णालयातच असावा यासाठी शासनमान्य रक्तपेढीशी संलग्न असे रक्त साठवणूक केंद्र सुरू करण्याचा प्रस्ताव तयार आहे. त्यास अन्न व औषध प्रशासनाची परवानगी, विशिष्ट शीतकपाट, अखंड वीजपुरवठा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. विश्वस्त मंडळाने प्रस्तावास तत्त्वतः मान्यता दिली असून त्यासाठीच्या निधीचे आवाहन या अहवालात अन्यत्र केले आहे. आपण या निधीस हातभार लावावा, अशी नम्र विनंती आहे.

त्याबरोबर आणखी एक विनंती. एखाद्या रुग्णालयाच्या अहवालात मृत्यूचा आकडा छापलेला दिसला, तर त्यावरून त्या रुग्णालयाविषयी लगेच मत बनवू नये. त्या मृत्यूची कारणे शोधली का आणि त्यानंतर काय बदलले, हे विचारावे. आम्हांसही जरूर विचारावे. ज्या भावाने 'थांबा म्हणाले, म्हणून थांबलो' असे सांगितले, त्यांना नव्या परिपत्रकाची प्रत आम्ही टपालाने पाठविली आहे. त्याने त्यांची बहीण परत येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु शिफारशीचे काय झाले, हे कळण्याचा सर्वांत पहिला अधिकार त्यांचा होता.